शिफ्ट सुटताना मोबाइलवर फीडबॅक : तुमच्याकडे कसं चालतं?

कुपवाडकर

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी प्रॉडक्शनला आहे. सीएनसी आणि व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीन) मिळून तीन शिफ्ट चालतात, काम गाड्यांच्या पार्टचं. मालकांच्या धाकट्या चिरंजीवांनी एक ॲप आणायचं ठरवलंय. शिफ्ट सुटताना प्रत्येकाने एका प्रश्नाला उत्तर द्यायचं, पाच चेहऱ्यांपैकी एक दाबायचा आणि जायचं. शिवाय दिवसभरात कधीही सुपरवायझरने ऑपरेटरला, ऑपरेटरने सुपरवायझरला दोन ओळींचा फीडबॅक पाठवायचा.

मला कल्पना आवडली आहे. आमच्याकडे वर्षाचं मूल्यमापन मार्चमध्ये होतं. मे महिन्यात एखाद्या पोराने रात्रभर उभं राहून नवीन पार्टची सेटिंग एकट्याने बसवली, तर ते मार्चमध्ये कुणाच्या ध्यानात असतं? ध्यानात राहतं ते फेब्रुवारीतलं रिजेक्शन, म्हणजे नापास झालेला माल, आणि पगारवाढ त्यावर ठरते. सूचना पेटी टाइम ऑफिसबाहेर लावलेली आहे. तिची किल्ली कुणाकडे असते विचारलं की प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो.

शंकाही आहेत. शॉप फ्लोअरवर मोबाइलला बंदी आहे, गेटजवळच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. हात कूलंटने (मशीन थंड ठेवायच्या तेलकट पाण्याने) माखलेले असतात. निम्मी पोरं बिहार, झारखंड, ओडिशाकडची. आणि नाव कळणार नाही असं कितीही सांगितलं तरी लोक विश्वास ठेवतील का? ज्यांच्याकडे असं काही चालू आहे त्यांनी खरा अनुभव सांगा. सोमवारी मीटिंग आहे, तिथे मला नीट बोलायचंय.

देगाव_फाटा

मी साताऱ्यात अतिरिक्त एमआयडीसीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे चेहऱ्यांचा प्रयोग झालाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टॅबलेट पंचिंग मशीनशेजारी लावला होता. रोज सगळे हिरवे चेहरे. रिपोर्ट बघणाऱ्याला वाटावं, कंपनीत कुणाला काही त्रासच नाही. त्याच काळात तिसऱ्या शिफ्टचे दोन चांगले सेटर (मशीनची सेटिंग करणारे) नोकरी सोडून गेले. टॅबलेटच्या समोर सुपरवायझरची खुर्ची, पाठीमागे रांग, आणि बाहेर कोरेगाव-रहिमतपूरकडे जाणारी कंपनीची बस हॉर्न वाजवत उभी. अशा ठिकाणी लाल चेहरा कोण दाबणार?

मग प्लांट हेडनी टॅबलेट कँटीनमध्ये वॉटर कूलरपाशी हलवला. ‘आजचा दिवस कसा गेला?’ हा प्रश्नही काढला आणि त्या जागी ‘आज काम कशामुळे अडलं?’ असं विचारलं. उत्तरं ठरलेली, प्रत्येकासमोर चित्र: गेज, इन्सर्ट (टूलच्या टोकाचं बदलायचं पातं), क्रेन, मटेरियल, ड्रॉइंग, मशीन बंद, काहीच नाही. मराठी वाचता आलं नाही तरी चालतं. तुमच्या बाहेरच्या पोरांचा प्रश्नही यातून बराचसा सुटेल.

आठवडाभरात रात्रीच्या शिफ्टमधून इन्सर्ट, इन्सर्ट, इन्सर्ट असं यायला लागलं. टूल स्टोअर संध्याकाळी बंद होतं. सुपरवायझरकडे मोजके इन्सर्ट काढून ठेवलेले असतात. ते संपले की पोरं झिजलेल्या इन्सर्टवरच काम पुढे ओढतात. सकाळी आमच्या टेबलावर बर (कडेला खरखरीत काटे) आलेले, साइज बाहेर गेलेले जॉब, म्हणजे पार्ट, आणि कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’. आता लाइनजवळ कुलपाचं छोटं कपाट आहे, किल्ली रात्रीच्या सुपरवायझरकडे. झिजलेला इन्सर्ट जमा केला की नवा मिळतो, रजिस्टरवर सही. रात्रीचं रिजेक्शन डोळ्यांना दिसेल इतकं उतरलं.

हे पोरं आधीही सांगत होती. तोंडी सांगितलेलं सुपरवायझरपाशीच थांबायचं. टॅबलेटमुळे तेच म्हणणं रोज सकाळी प्लांट हेडच्या समोर यायला लागलं, आणि त्यांनी कपाट करून दिलं. कपाट झालं नसतं तर पोरांनी पुन्हा हिरवा चेहराच दाबला असता, याची मला खात्री आहे.

कुपवाडकर

फार उपयोगाचं लिहिलंत. ‘कशामुळे अडलं’ हा प्रश्न मी सोमवारी मांडतोच. एक विचारायचं होतं: कपाट झालं हे लोकांना कळवलं कसं? ॲपमधूनच?

देगाव_फाटा

नाही हो. कँटीनमध्ये पांढरा बोर्ड आहे. त्यावर तीन रकाने: काय आलं, कोण बघतंय, कधीपर्यंत. जे होणार नाही तेही लिहितात, कारणासकट. क्रेन दुसरी येणार नाही, बजेट पुढच्या वर्षी, असं साफ लिहिलं होतं. त्यावर कुणी चिडलं नाही.

आमच्या क्वालिटी सर्कलमध्ये टोयोटाचं उदाहरण नेहमी देतात. त्यांची माणसं १९५० साली अमेरिकेत फोर्डचा कारखाना बघून आली आणि १९५१ साली त्यांनी स्वतःकडे सूचना योजना सुरू केली. तेव्हा ॲप नव्हतं, कागदच होता. सूचना दिली की कुणीतरी ती वाचतं आणि तिचं काहीतरी होतं, यावर माणसांचा विश्वास बसला म्हणून ती योजना इतकी वर्षं टिकली.

कराडचा_हिंजवडीत

गाव कराड, नोकरी पुण्यात आयटीत. आमच्याकडे ही ॲप कधीपासूनच आहेत, त्यामुळे दुसऱ्या भागाबद्दल, म्हणजे माणसाने माणसाला पाठवायच्या फीडबॅकबद्दल लिहितो.

बाहेर हे वारं साधारण २०१२ नंतर जोरात सुटलं. ॲडोबीने त्या साली वार्षिक मूल्यमापन बंद करून वर्षभर अधूनमधून बोलण्याची पद्धत आणली. पुढे जनरल इलेक्ट्रिकने, जी कंपनी दरवर्षी माणसांची क्रमवारी लावण्यासाठी प्रसिद्ध होती, तिने त्यासाठी मोबाइल ॲपच काढलं. तिथून सगळीकडे पसरलं.

पण फीडबॅक दिला की काम सुधारतंच, हे गृहीत धरू नका. क्लुगर आणि डिनिसी या दोघा संशोधकांनी १९९६ साली आधीच्या अभ्यासांतले ६०७ निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरीने फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर काम उलट घसरलं होतं. त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण मला रोज ऑफिसात दिसतं. बोलणं कामावरून माणसावर घसरलं की ऐकणारा काम सोडून स्वतःला सांभाळायला लागतो. ‘तिसऱ्या ऑपरेशनला बोअरचं माप वरच्या लिमिटला जातंय, ऑफसेट बघ’ हे कामाबद्दल झालं. ‘तू लक्ष देत नाहीस’ हे माणसाबद्दल झालं. मोबाइलवर घाईत दोन ओळी लिहायला सांगितल्या की दुसऱ्या प्रकारचीच वाक्यं जास्त निघतात, कारण ती लिहायला सोपी असतात.

मिरज_स्टाफनर्स

वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले.

मी मिरजेत एका हॉस्पिटलमध्ये आहे, नाव देत नाही. आमच्याकडे असंच ॲप आहे. रात्रपाळी संपवून घरी आले होते, लेकीची वेणी घालत होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. ‘डॉक्युमेंटेशनमध्ये सुधारणा आवश्यक.’ एवढंच. कुठला पेशंट, कुठला चार्ट, काही नाही. रात्री माझ्याकडे अख्खा वॉर्ड होता. कुणाचं काही चुकीचं तर गेलं नाही ना, या विचाराने झोप लागली नाही, आणि रात्री परत ड्यूटी.

आमच्या आधीच्या इन्चार्ज सिस्टर कडक होत्या, सगळ्या घाबरायच्या त्यांना. पण त्या फाइल हातात घेऊन बेडपाशी यायच्या. ‘हे बघ, इनटेक-आउटपुट चार्टमध्ये रात्री दोनचा रकाना रिकामा आहे. युरिन मोजलंस की नाही? मोजलं असशील तर लिही, नसेल तर डॉक्टरांना आत्ता सांग.’ दोन मिनिटांत विषय संपला. पेशंटचंही भलं झालं आणि मला नेमकं काय करायचं ते कळलं. त्यांनी रागावलेलं मी घरी कधी नेलं नाही.

आणि नाव गुप्त म्हणाल तर, आमच्या ॲपमध्ये आधी वॉर्ड निवडायचा, मग शिफ्ट. रात्री आम्ही दोघीच असतो. नाव नसलं तरी कुणी लिहिलं हे कळायला काय लागतं? स्टाफ कमी आहे असं लिहिलं होतं मी. दुसऱ्या दिवशी थेट मलाच विचारणा झाली. तेव्हापासून आम्ही दोघी ‘सर्व ठीक’ दाबतो.

विश्रामबाग_कोडर

ताई, तुम्ही सांगताय ते ॲप बनवणाऱ्यांना माहीत असतं. चांगल्या साधनांमध्ये गटाची किमान मर्यादा असते, साधारण पाच. त्यापेक्षा कमी उत्तरं असतील तर त्या गटाचा निकाल दाखवायचाच नाही, वरच्या मोठ्या गटात मिसळायचा. ती सेटिंग असूनही कुणी एकपर्यंत खाली आणली असेल, किंवा स्वस्तातल्या ॲपमध्ये ती नसेलच.

मी सांगलीत छोट्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. कुपवाडकर, सोमवारी हे तांत्रिक मुद्दे नक्की विचारा.

बरेच जण खर्च वाचवायला गूगल फॉर्म करतात. वाईट नाही, पण उत्तरांच्या शीटमध्ये पहिलाच रकाना वेळेचा असतो, तारीख-तास-मिनिट-सेकंदासकट. पंचिंग मशीनच्या वेळा शेजारी ठेवल्या की कोण ते कळलं. ईमेल घेतला नाही म्हणजे नाव गुप्त राहिलं असं नाही. ज्याच्या हातात शीट आहे त्याला हा रकाना दिसणारच. म्हणून शीट कारखान्याच्या कुणाकडेही नको. बाहेरच्या कुणीतरी सांभाळावी आणि आत फक्त आठवड्याची बेरीज द्यावी.

व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल घेणार असाल तर कुणी काय दाबलं ते ग्रुपमधल्या सगळ्यांना दिसतं. मतं पाहा म्हटलं की नावांची यादी समोर. सहलीला कुठे जायचं, कास की महाबळेश्वर, यासाठी उत्तम. सुपरवायझर कसा वागतो हे त्यावर विचारायचं नाही.

आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या मोबाइलवर लॉगिन घ्यायचं असेल तर नाव गुप्त आहे असं म्हणूच नये. सरळ सांगावं की नावासकट आहे. लोक त्या हिशेबाने बोलतील, आणि ते जास्त प्रामाणिक आहे.

बेदाणा_शेड

आमचं तासगावकडं बेदाण्याचं शेड आहे. सीझनला निवडीला बायका येतात, आसपासच्या गावांतल्या. निम्म्यांकडं साधा फोन. मला हे ॲप प्रकरण लहान धंद्याला जड वाटतंय. पंधरा-वीस माणसं असतील तर मालकानं रोज तासभर शेडमधे बसावं, सगळं कळतं. जाळी कुठं फाटलीय, पंखा कुठला बंद हाय, कुणाचं पोरगं आजारी हाय.

एक प्रयोग केलेला सांगतो. मुकादमाच्या मोबाइलवर व्हॉइस मेसेज पाठवा म्हटलं, लिहिता येत नसलं तरी बोलता येतं म्हणून. कुणी पाठवलाच नाही. कारण आवाज सगळे वळखतात. तोच मेसेज माझ्या बायकोच्या नंबरवर मागितला, मग यायला लागले. आलेल्यातली पहिली गोष्ट म्हणजे बायकांच्या संडासाला आतून कडी नव्हती. हे मला शेडमधे बसून कधीच कळलं नसतं, एवढं मात्र खरं.

कराडचा_हिंजवडीत

काका, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत या धाग्यातला मोठा मुद्दा आहे. समोर बसून बऱ्याच गोष्टी कळतात, पण काही गोष्टी समोर असतो म्हणूनच कळत नाहीत. ऐकणारा कोण आहे त्यावर बोलणाऱ्याचं तोंड उघडतं.

शिरवळ_पॅकिंग

मी शिरवळला पॅकिंग लाइनवर आहे. वाचत होते. एक विचारायचं आहे. आमच्याकडे अशा ॲपमध्ये एका मुलीने लाइन लीडरच्या वागण्याबद्दल लिहिलं, वाईट बोलणं, मुद्दाम जवळ येऊन उभं राहणं असं. ॲपमध्ये ‘आपल्या प्रतिसादाबद्दल धन्यवाद’ आलं. पुढे काहीच नाही. ती म्हणते तक्रार केलीय. ती तक्रार झाली का?

राजवाडा_वकील

ताई, साताऱ्यात वकिली करते. तुमच्या मैत्रिणीला आजच हे सांगा.

ॲपमधल्या निनावी प्रतिसादाला तक्रार समजून ती वाट बघत असेल तर वेळ जातोय. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिच्या अध्यक्ष वरिष्ठ पदावरच्या महिलाच असतात आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा असतो. तक्रार लेखी द्यायची, घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. लिहायला जमत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं ही समितीचीच जबाबदारी आहे. कंपनीत समिती नसेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. साताऱ्यात जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी केली की माहिती मिळते.

तारखा, वेळा, कोण कोण जवळ होतं, हे सगळं आत्ताच वहीत लिहून ठेवायला सांगा. ॲपमध्ये जे लिहिलं त्याचा स्क्रीनशॉट असेल तर जपून ठेवा. एकटीला जायची भीती वाटत असेल तर तुम्ही सोबत जा.

आणि कुपवाडकर, तुम्हाला एक विनंती. तुमच्या ॲपच्या पहिल्याच पानावर समितीच्या सदस्यांची नावं आणि नंबर मराठीत आणि हिंदीत टाका. खाली ठळक अक्षरांत लिहा की असल्या गोष्टी इथे नाही, तिथे सांगायच्या. कुणी मुलगी चेहरा दाबून उत्तराची वाट बघत बसली, असं होता कामा नये.

शिरवळ_पॅकिंग

मनापासून आभार, वकीलताई. घटना मागच्या महिन्यातली आहे, म्हणजे मुदत आहे. उद्याच बोलते तिच्याशी. मी जाणार तिच्यासोबत.

गावभागातला_काका

सांगलीत तीस वर्षं युनियनचं काम केलं, आता निवृत्त आहे. पोरांनो, वकीलबाईंच्या बोलण्याला जोडून सांगतो.

बाकीच्या तक्रारींनाही कायद्यात जागा आहे, आणि ॲपच्या नादात ती विसरू नका. औद्योगिक विवाद कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती आणली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. मालकाची आणि कामगारांची माणसं सारख्या संख्येने असतात, अध्यक्षपद आळीपाळीने फिरतं. तिथे नावानं तक्रार होते आणि नावानं उत्तर द्यावं लागतं.

मी ॲपच्या विरुद्ध नाही. देगावच्या दादांनी इन्सर्टचं सांगितलं, ते मला पटलं. पण माझी भीती ही, की उद्या समिती म्हणेल, ‘ॲपवर तर सगळे खूश आहेत, तुझी एकट्याचीच तक्रार कशी?’ हिरव्या चेहऱ्यांचा कागद माणसाच्या तोंडावर फेकला जाईल. म्हणून ॲपमधले आकडे पगारवाढ, बदली, तक्रार, शिस्तभंग, यांतल्या कशातही वापरणार नाही हे मालकाकडून लेखी घ्या आणि नोटीस बोर्डावर लावा. आमच्या काळात तोंडी आश्वासनं पुष्कळ मिळाली.

विश्रामबाग_कोडर

काकांच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. माझ्याकडे येणाऱ्या कंपन्यांची दुसऱ्याच बैठकीत मागणी असते: ‘हे पगाराच्या शीटला जोडता येईल का?’ जोडता येतं. मी नाही म्हणतो. त्या दिवसापासून कुणी खरं लिहीत नाही, आणि मग माझ्या सॉफ्टवेअरमध्ये नुसता कचरा भरतो.

कुपवाडकर

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल बसून सोमवारसाठी मांडणी केली, बघा जरा.

चेहरे नकोत. कँटीनमध्ये एक टॅबलेट, ‘आज काम कशामुळे अडलं?’, चित्रांसकट. लॉगिन नाही. कोडर दादा, वेळ न ठेवता फक्त शिफ्ट आणि तारीख साठवायची, हे जमेल असं धरून चालतोय. एखाद्या सेक्शनला पाचपेक्षा कमी माणसं असतील तर तो दुसऱ्याला जोडायचा. आमचा टूल रूम तिघांचा आहे, तो मेंटेनन्सबरोबर जाईल.

सुपरवायझर आणि ऑपरेटर यांच्यातल्या दोन ओळी ॲपवर नकोतच. जे सांगायचं ते मशीनपाशी जाऊन, जॉब हातात धरून, त्याच शिफ्टमध्ये. मिरजेच्या ताईंचा अनुभव मी मीटिंगमध्ये वाचून दाखवणार आहे, नाव-गाव न सांगता, त्यांची हरकत नसेल तर. शाबासकी मात्र कुणालाही पाठवता यावी, कारण मे महिन्यातली सेटिंग मार्चपर्यंत टिकायची असेल तर कुठेतरी नोंद हवी. तेवढ्यापुरतं ॲप नावासकट चालेल.

काकांचं लेखी आश्वासन आणि वकीलताईंचं पहिलं पान, दोन्ही घातलंय. आणि पांढरा बोर्ड.

मिरज_स्टाफनर्स

माझी हरकत नाही, जरूर वाचा. एकच वाढवा: ड्यूटी संपल्यावर कुणाच्याही मोबाइलवर कामाचा फीडबॅक जाऊ नये. शाबासकीसुद्धा नको. झोपलेल्या माणसाला शाबासकीचा आवाज पण उठवतोच.

विश्रामबाग_कोडर

फक्त तारीख आणि शिफ्ट साठवणं अगदी सोपं आहे. पण हे विकत घेताना आधी विचारून घ्या, तयार ॲपमध्ये नंतर बदलत नाहीत. टॅबलेटला जाड रबरी कव्हर आणि वर प्लास्टिकची फिल्म लावा, कूलंटच्या हाताने आठवड्यात स्क्रीन जाते. शेजारी कॉटन वेस्ट ठेवा.

देगाव_फाटा

मांडणी चांगली आहे. फक्त बोर्डाबद्दल एक अडचण आमच्याकडे आली ती सांगतो. बोर्ड सकाळी भरला जातो, पहिली आणि दुसरी शिफ्ट वाचते. रात्रीच्या शिफ्टला कँटीन बंद, दिवे बंद; पोरं सकाळी सुटताना टॅबलेट दाबून जातात, तेव्हा बोर्ड भरलेला नसतो. जास्त अडचणी त्यांच्या, आणि उत्तर वाचायला तेच नाहीत. आम्ही आता रात्री अकराला शिफ्ट सुरू होताना पाच मिनिटांच्या बोलण्यात बोर्डावरचं सगळं वाचून दाखवतो. ते सुपरवायझरवर सोडलं तर तो स्वतःबद्दलचं गाळतो. म्हणून पहिले काही आठवडे प्लांट हेड स्वतः यायचे.

कुपवाडकर

हे लक्षातच आलं नव्हतं, आमचंही कँटीन रात्री बंद असतं. म्हणजे टॅबलेटही रात्रीच्या शिफ्टला वेगळा लागेल, मेंटेनन्सच्या खोलीबाहेर लावता येईल. चिरंजीवांना सोमवारी विचारतो, पहिले काही दिवस रात्री अकराला ते स्वतः येतील का. काय ठरतं ते मंगळवारी इथेच लिहितो.